भाकरी सुटली, इन्सुलिन तेवढंच राहिलं

रुग्ण: वय ६१, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वास्तव्य. टाइप २ मधुमेह १६ वर्षांपासून, इन्सुलिन ६ वर्षांपासून. वजन ७१ किलो, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी तपासणी) ९.१. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गावात त्यांना सगळे 'बाई' म्हणतात, म्हणून इथेही बाईच म्हणतो.

चालू औषधं: ३०/७० मिश्र इन्सुलिन, सकाळी २८ युनिट आणि रात्री २० युनिट. मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी दोन वेळा. डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड.

बाई आल्या त्या शनिवारी दुपारी, मुलाच्या गाडीतून. दोन दिवस मळमळ, अन्न नकोसं, दम लागल्यासारखा श्वास. ग्लुकोमीटरवर शुगर २०४. घरच्यांना वाटत होतं पित्त झालंय, कारण एरवी २८० पाहणाऱ्या घरात २०४ हा आकडा चांगलाच म्हणायचा.

आधीच्या आठवड्यात काय झालं

पुण्याच्या सूनबाईंच्या वडिलांची शुगर लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांच्या आहाराने आटोक्यात आली होती, गोळीही सुटली होती. सूनबाईंनी मनापासून सासूबाईंना तोच आहार लिहून दिला: पोळी, भाकरी, भात, बटाटा, साखर बंद. अंडी, पनीर, पालेभाज्या, दही, काकडी, मूठभर शेंगदाणे चालू. बाईंनी त्यात स्वतःची भर घातली. दोन वेळाच जेवायचं हे त्यांनी शेजारणीकडून ऐकलं होतं, तेव्हा नाश्ताही सोडला. म्हणजे एकाच सोमवारी दोन वेगवेगळे बदल सुरू झाले, आणि औषध एका युनिटानेही हललं नाही.

सूनबाईंचे वडील फक्त मेटफॉर्मिनवर होते, हे इथे कळीचं. एकट्या मेटफॉर्मिनने शुगर धोकादायक खाली सहसा जात नाही, त्यामुळे त्यांनी भाकरी सोडली काय किंवा उपास केला काय, फारसं बिघडणार नव्हतं. बाईंच्या अंगात मात्र रोज ४८ युनिट इन्सुलिन जात होतं, वर स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारं ग्लिमेपिराइड. एकाच आहाराचे दोन व्याही, पण दोघांच्या औषधांच्या डब्यात जमीन-अस्मानाचा फरक.

सोमवारी सकाळी ८ वाजता २८ युनिट, नंतर बिनसाखरेचा चहा. साडेअकराला हात थरथरायला लागले, शुगर ६१. दोन बिस्किटं खाल्ली, बरं वाटलं. मंगळवारी तेच. बुधवारी रात्री पनीर भुर्जी आणि कोशिंबीर, त्याआधी नेहमीचे २० युनिट. पहाटे तीनच्या सुमारास यजमानांना जाग आली तर बाई घामाने निथळत होत्या आणि असंबद्ध बोलत होत्या. शुगर ४४. साखरपाणी, मग पेढा, मग पुन्हा साखरपाणी. सकाळी मीटरवर २३८.

त्या २३८ वरून बाईंनी निष्कर्ष काढला की आहार बरोबर आहे, रात्रीचं इन्सुलिन तेवढं वाईट आहे. गुरुवारपासून रात्रीचं बंद केलं. शुक्रवारी सकाळचंही घेतलं नाही, भीती बसली होती. डापाग्लिफ्लोझिन मात्र इमानेइतबारे चालू, कारण ती काय, साधी गोळीच!

२०४ आकड्यामागे काय होतं

रक्तातली कीटोन (चरबी वितळताना तयार होणारी आम्लधर्मी द्रव्यं; इथे बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट) २.८ मिलिमोल, बायकार्बोनेट १९, पीएच ७.३५. कीटोअॅसिडोसिस म्हणण्याइतकं रक्त आम्लधर्मी झालेलं नव्हतं, पण उंबरठ्यावर होतं.

डापाग्लिफ्लोझिन आणि त्या कुळातली औषधं मूत्रपिंडातून साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे इन्सुलिन कमी पडलं तरी रक्तातली साखर फार चढत नाही. मीटर शांत दिसतो. पण इन्सुलिनचं दुसरं काम, चरबी वितळण्यावर लगाम ठेवण्याचं, ते तर अडलेलंच असतं. चरबी भराभर वितळते, कीटोन साचतात. आहारात कर्बोदकं नसतील तर ही गाडी आणखी वेगाने धावते. लो-कार्ब, इन्सुलिन बंद आणि ही गोळी चालू, असा तिहेरी योग जुळला की शुगर दोनशेच्या आत असतानाही माणूस अतिदक्षता विभागात पोचू शकतो. २०२० साली पेटंट संपल्यापासून ही गोळी स्वस्त झाली आणि गावोगावी पोचली. हृदयासाठी आणि मूत्रपिंडासाठी ती गुणाची आहे, तक्रार तिच्याबद्दल नाही. पण हा आहार सुरू करताना आधी ती थांबवायची असते, हे कुणीतरी सांगावं लागतं.

एक दिवस दाखल करून सलाइन, इन्सुलिन आणि सोबत डेक्स्ट्रोजची बाटली लावली. मधुमेहाच्या रुग्णाला साखरेची सलाइन पाहून मुलाने आवाज चढवला. त्याचं चूक नव्हतं. पण कीटोन थांबवायला इन्सुलिन द्यावंच लागतं, आणि शुगर आधीच दोनशेच्या घरात असल्यावर ते द्यायचं तर सोबत साखर द्यावी लागते. हे त्याला कागदावर आकृती काढून समजावलं. दुसऱ्या दिवशी कीटोन ०.६, बाईंना भूक लागली.

मिश्र इन्सुलिन आणि रिकामं ताट

३०/७० या बाटलीत ३० टक्के साधं (रेग्युलर) इन्सुलिन असतं आणि ७० टक्के एनपीएच, म्हणजे संथ, लांब चालणारं इन्सुलिन. साधं इन्सुलिन अर्ध्या तासात सुरू होतं, दोन ते चार तासांत जोरावर येतं. एनपीएचचा जोर टोचल्यानंतर साधारण चार ते दहा तासांनी. सकाळी आठला घेतलेल्या २८ युनिटांपैकी आठेक युनिट पोह्यांसाठी होते आणि वीसेक युनिट दुपारच्या जेवणाच्या बेतावर धरलेले. बाईंनी पोहे खाल्ले नाहीत, दुपारी भाकरी-भात खाल्ला नाही. इन्सुलिनला कुणी कळवलं नव्हतं, ते ठरल्या वेळी कामावर हजर झालं. रात्रीचंही तसंच: साडेआठच्या २० मधले १४ युनिट एनपीएच मध्यरात्री ते पहाट या वेळात जोरावर येतात.

म्हणून मिश्र इन्सुलिनवर असलेल्या माणसाचं जेवण वेळेवर आणि ठरल्या मापाचं लागतं. वर्षानुवर्षं त्यांना तेच सांगितलेलं असतं. आणि या बाटलीत डोस कमी केला तर दोन्ही भाग एकत्रच कमी होतात. जेवणाचं (साधं) उतरवून पायाचं, म्हणजे न जेवताही अंगाला लागणारं, तेवढंच ठेवणं शक्य नाही. माझं मत स्पष्ट आहे: मिश्र इन्सुलिनवर राहून खरा लो-कार्ब आहार करू नये. आधी दोन्ही इन्सुलिनं वेगळी करावीत, मग ताटाला हात लावावा. परवडत नसेल, चार सुया जमणार नसतील, तर भाकरी अर्धी करून मिश्र इन्सुलिन त्या प्रमाणात डॉक्टरांकडून कमी करून घ्यावं आणि तिथेच थांबावं. तेही वाईट नाही.

नवीन बेत

बाईंना आहार सोडायचा नव्हता. "मला हलकं वाटत होतं डॉक्टर, त्या घामाच्या रात्री सोडल्या तर." आम्हालाही तो सोडवायचा नव्हता. पूर्वीचा त्यांचा दिवस मोजला तर पोहे, दोन वेळचा साखरेचा चहा, दुपारी भाकरी-भात, संध्याकाळी खारी, रात्री पोळ्या, असे सगळे मिळून २५० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं होत होती. ती कमी व्हायलाच हवी होती.

किती कमी, यावर मात्र घरात वाद झाला. मुलाने मोबाइलवर एक अभ्यास दाखवला. २०१८ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आलेला, टाइप १ मधुमेह असलेल्या ३१६ जणांच्या पाहणीचा. रोज सरासरी ३६ ग्रॅम कर्बोदकं आणि सरासरी एचबीए१सी ५.६७. आकडे खरेच आहेत आणि थक्क करणारे आहेत. पण ती मंडळी समाजमाध्यमावरच्या एका गटातून स्वतःहून पुढे आलेली होती, आहारावर टिकलेली आणि आकड्यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारी. ज्यांना जमलं नाही ते पाहणीत येणार कुठून? शिवाय बाईंच्या डोळ्यांच्या तपासणीत पडद्यावर मधुमेहाचे सुरुवातीचे बदल दिसले होते. वर्षानुवर्षं चढी असलेली शुगर झपाट्याने खाली आणली तर असा पडदा काही काळ जास्त बिघडू शकतो. म्हणून ठरलं: दिवसाला ८० ते ९० ग्रॅम, तीन जेवणांत वाटून, आणि रोज सारखं. नाश्ता परत आला.

सकाळी दोन अंडी किंवा मुगाचं एक धिरडं. दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी, उसळ, भाजी, ताक. रात्री भाजी, पनीर किंवा मासे आणि आमटीची वाटी. पूर्ण भाकरीला ५० ते ६० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे ३५ ते ४० ग्रॅम कर्बोदकं. बाईंनी पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या तराजूवर पीठ मोजलं, नंतर हाताला अंदाज आला.

२०१९ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिस'मध्ये डॉक्टरांसाठी एक व्यवहारी मार्गदर्शिका आली होती. लो-कार्ब सुरू करताना इन्सुलिन ३० ते ५० टक्क्यांनी कमी करा, ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि डापाग्लिफ्लोझिनच्या कुळातली औषधं थांबवा, असा तिचा रोख. आम्ही त्या दोन्ही गोळ्या बंद केल्या, मेटफॉर्मिन एकटं ठेवलं. हिशोबाने ग्लार्जिन (दिवसभर संथ चालणारं, पायाचं इन्सुलिन) १६ युनिट रात्री ९ वाजता आणि साधं इन्सुलिन नाश्त्याला ४, दुपारी ४, रात्री ३.

बाई नाराज. "दोनाच्या चार सुया? मी तर सुई सुटावी म्हणून भाकरी सोडली!"

इथे त्यांना सी-पेप्टाइडचा, म्हणजे स्वादुपिंड स्वतः किती इन्सुलिन बनवतं हे दाखवणाऱ्या तपासणीचा, अहवाल दाखवला. उपाशीपोटी शुगर १६२ असताना सी-पेप्टाइड ०.९. शुगर एवढी असताना स्वादुपिंडाने जास्त जोर लावायला हवा होता. १६ वर्षांनंतर त्याची ताकद थोडी उरली आहे, पुरेशी नाही. सुया कमी होतील कदाचित, युनिट नक्की कमी होतील, पण इन्सुलिन शून्यावर नेण्याची शर्यत लावायची नाही, हे तेव्हाच बोलून घेतलं. सूनबाई फोनवर होत्या, त्यांनाही.

पोटावरच्या गाठी

सुई कुठे टोचता हे विचारल्यावर बाईंनी बेंबीच्या दोन्ही बाजूंना बोट ठेवलं. तिथे हाताला लागतील अशा दोन मऊ गाठी होत्या, लिंबाएवढ्या. वर्षानुवर्षं एकाच जागी टोचलं की कातडीखालची चरबी अशी फुगते. तिथे सुई दुखत नाही, म्हणून माणूस तिथेच परत परत जातो. पण गाठीतून इन्सुलिन कधी निम्मं झिरपतं, कधी उशिरा, कधी सगळं एकदम. बाईंच्या जुन्या कागदांवरचे वर-खाली उड्या मारणारे आकडे मला तेव्हा उमगले.

चांगल्या जागी टोचायला लागलं की तेच युनिट जास्त काम करतात. म्हणून ग्लार्जिन १६ ऐवजी १४ पासून सुरू केलं. पोटाचे चार भाग, आठवड्याला एक, आणि मांड्या राखीव. सुई ४ मिलिमीटरची. टोचण्याआधी दोन युनिट हवेत सोडून थेंब दिसतोय ना पाहायचं, टोचल्यावर दहापर्यंत मोजून मगच काढायची. वर्गात पाढे म्हणून घेणाऱ्या बाईंना हे सांगायला फार वेळ लागला नाही.

साधनांबद्दल एक गोष्ट ठसवून सांगावी लागली. आपल्याकडे बाटलीतलं बहुतेक इन्सुलिन मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनातलं १०० युनिटचं. पेन बिघडलं म्हणून त्यातलं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ओढलं, तर खुणेवर १० दिसतं पण अंगात २५ जातात. लो-कार्बवर असलेल्या माणसाच्या ताटात ती चूक झेलायला काहीच नसतं. बाईंना दोन्ही पेनंच दिली. यजमानांनी ग्लार्जिनच्या पेनाला काळा दोरा बांधला. फ्रिजमधल्या ३०/७० च्या उरलेल्या बाटल्या त्यांनी आणून दिल्या, त्याशिवाय आम्ही पुढचं सांगितलंच नाही.

शुगर ७० च्या खाली गेली तर काय, हेही बदललं. बिस्किट नाही, पेढा नाही, शेंगदाणे तर नाहीच. तीन छोटे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मीटर. "मग आहार मोडतो की!" असं बाई म्हणाल्या. ते औषध आहे, त्याला आहारात मोजायचं नाही. डबा उशाशी राहील.

पुढचे आठवडे

बाईंनी शंभरपानी वहीत लाल पेनाने रकाने आखले. पहिल्या आठवड्यात उपाशीपोटी १७० ते १८५. हे अपेक्षित होतं, दोन गोळ्या एकदम थांबल्या होत्या. ग्लार्जिन दर तीन-चार दिवसांनी दोन-दोनने वाढवत १८ वर नेलं, तेव्हा सकाळ ११० ते १३० वर आली. एकही रात्र घामाची नाही.

दुसऱ्या आठवड्यात चक्कर. घरच्यांनी लगेच साखरपाण्याची तयारी केली, पण शुगर ११८ होती आणि रक्तदाब १०४/६४. इन्सुलिनचं प्रमाण उतरलं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जास्त सोडतात, त्यात बाई लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड घेत होत्या. ते थांबवलं, ताकात मीठ घालायला सांगितलं. टेल्मिसार्टन चालू.

तिसरं कोडं जास्त रंजक. रात्री पनीर खाल्लं की झोपताना शुगर १२५ आणि रात्री एकला १८०. भाकरीचा कण नसताना! प्रथिनांतूनही यकृत साखर घडवतं, फक्त सावकाश, तीन-चार तासांनी. भरपेट कर्बोदकं खाणाऱ्याच्या आकड्यांत ही हळू चढण झाकून जाते, लो-कार्बवर ती उघडी पडते. म्हणूनच आम्ही जेवणासाठी नवं, झटपट काम करणारं इन्सुलिन घेतलं नव्हतं. ते तासाभरात जोरावर येतं, पनीरची साखर रक्तात यायच्या आधीच. मग आधी शुगर पडते आणि नंतर चढते. जुनं, स्वस्त, संथ साधं इन्सुलिन या ताटाला बरं जुळतं. बाईंचं रात्रीचं इंजेक्शन जेवणाआधी अर्ध्या तासाऐवजी ताटावर बसताना घ्यायला लावलं, एकचा आकडा १४० वर आला. दुपारचं, भाकरी असल्यामुळे, अर्धा तास आधीच ठेवलं.

गुरुवारचा उपास राहिला होता. बाईंच्या मते उपासाला इन्सुलिन लागत नाही आणि साबुदाणा हलका असतो. कोरडा साबुदाणा १०० ग्रॅममध्ये ८७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं देतो. एका बशीच्या खिचडीला ६० ग्रॅम साबुदाणा धरला तरी बाईंच्या दिवसभराच्या मापातला अर्ध्याहून मोठा वाटा तिथेच संपतो. उपास सोडा असं मी म्हटलं नाही, म्हणून काही उपयोगही नव्हता. बाईंनीच तोड काढली: दाण्याची आमटी, अर्धी वाटी भगर, काकडीची कोशिंबीर, दही. ग्लार्जिन उपासालाही पूर्ण, कारण यकृत उपास करत नाही. जेवणाचं इन्सुलिन ज्या वेळी खाणार त्याच वेळी, खाल्लं नाही तर नाही.

आजारपणासाठी कागदाच्या मागच्या बाजूला लिहून दिलं: उलट्या झाल्या तर ग्लार्जिन बंद करायचं नाही, लो-कार्ब त्या दिवसापुरता थांबवायचा, पेज किंवा सरबत घ्यायचं, लघवीची कीटोन पट्टी पाहायची आणि फोन करायचा.

चार महिन्यांनी वजन ६६, एचबीए१सी ७.३. वजन उतरत गेलं तशी सकाळची शुगर ९० च्या घरात यायला लागली आणि ग्लार्जिन पुन्हा १४ वर आणलं. जेवणाचं ३, ४ आणि २. एकूण ४८ चे २३ युनिट. ७० च्या खाली एकदाच, ६४, दुपारच्या इंजेक्शनानंतर शेतापर्यंत चालत गेल्या त्या दिवशी. डोळ्यांची तपासणी पुन्हा केली, पडदा होता तसाच आहे. डापाग्लिफ्लोझिन परत सुरू करावं का, हा प्रश्न हृदयरोगतज्ज्ञांनी विचारला. बाई या आहारावर आहेत तोवर माझं उत्तर नाही.

मे महिन्यात आमरसाचा विषय निघालाच. १५० ग्रॅमची बिनसाखरेची वाटी म्हणजे साधारण २२ ग्रॅम कर्बोदकं. त्या दिवशी अर्धी भाकरी गाळायची, ४ युनिट तेवढेच ठेवायचे आणि अर्धा तास आधीच घ्यायचे, कारण रस भाकरीपेक्षा लवकर चढतो. दोन तासांनी १६८ आली. बाईंनी दुसरी वाटी चालेल का विचारलं, नाही म्हटलं. रात्रीचे २ युनिट आता थांबवून पाहायचे आहेत. त्यासाठी आठवडाभर रात्री एकची शुगर वहीत हवी, आणि गजर लावायचं काम यजमानांकडे आहे.